पाडण्याआधी यादी लावा

रत्नागिरी शहरात रस्त्याच्या कडेला पाटी ठेवून मासळी विकणाऱ्या बाईच्या पाठीशी एक कायदा उभा आहे. तीच बाई भाट्ये पूल ओलांडून इकडे भाट्ये गावात आली की तो कायदा मागे राहतो. बाई तीच, पाटी तीच, पाटीतले बांगडे तेच. बदलते ती फक्त हद्द. तिकडे नगर परिषद, इकडे ग्रामपंचायत.

हा २०१४ चा पथविक्रेता कायदा. लोक त्याला फेरीवाला कायदा म्हणतात. १ मे २०१४ पासून तो लागू आहे. आधी सर्वेक्षण करा, मग प्रमाणपत्र द्या, आणि सर्वेक्षण पुरे होईपर्यंत कोणालाही उठवू नका, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. उठवायचेच झाले तर तीस दिवसांची नोटीस. माल जप्त केला आणि तो नाशवंत असला, तर विक्रेत्याने मागितल्याच्या दिवशीच परत. मासळीवालीला हे कलम फार मोलाचे, कारण दोन दिवसांनी हातात पडलेली सुरमई कोण घेणार? याच कायद्याने शहर फेरीवाला समिती आणली. तिच्यात किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांनी मतदानाने निवडलेले हवेत आणि त्यांतल्या एक तृतीयांश बायका हव्यात.

पण हा सगळा पसारा महापालिका, नगर परिषद, नगरपंचायत आणि छावणी मंडळ यांच्यापाशी थांबतो. खेडेगावाला त्यात जागा नाही. भाट्याच्या किनाऱ्यावर उद्या कोणी पक्के गाळे बांधायचे ठरवले, तर ते कोणाला द्यायचे हे ठरवणारी समिती इथे नाही, तिचे मतदान नाही, सर्वेक्षणाची सक्ती नाही.

आणि गाळे आज ना उद्या येणारच. सुरूचे बन, झरी विनायक, पलीकडे १९५५ सालापासूनचे नारळ संशोधन केंद्र, पावसला जाणारा रस्ता, शहरापासून हाकेच्या अंतरावरची एवढी लांब सरळ पुळण. संध्याकाळी गाड्या लागतात. चहा, भजी, भेळ, शहाळी विकून इथे घरे चालतात. अशा ठिकाणी ‘सुशोभीकरण’ हा शब्द सरकारी कागदावर आला की टपरीवाल्याच्या पोटात गोळा येतो, आणि तो यायलाच हवा. सुशोभीकरणाच्या नकाशात बाके असतात, दिवे असतात, नामफलक असतो. आज जो तिथे विकतो आहे, त्याचे नाव मात्र नकाशात कधी नसते.

जागा कोणाची, हाही गुंता आहेच. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची, रस्त्याची हद्द बांधकाम खात्याची, गावठाणातली कामे ग्रामपंचायतीची, किनाऱ्यावर काहीही उभारायचे तर किनारा नियमन क्षेत्राचे नियम आडवे. निधी जिल्हा नियोजन समितीतून आला तर पालकमंत्र्यांचा शब्द मोठा, पर्यटन खात्यातून आला तर त्यांच्या अटी. एका गाळ्यावर इतक्या जणांची सावली पडते, आणि वाटपाची वेळ आली की प्रत्येक जण म्हणतो, हे माझे.

राज्य सरकारने २०२० साली समुद्रकिनाऱ्यांवरच्या शॅकचे धोरण आणले. त्यात आठ किनारे घेतले: केळवे, बोर्डी, वर्सोली, दिवेआगर, कुणकेश्वर, तारकर्ली आणि आपल्या जिल्ह्यातले गुहागर व आरे-वारे. भाट्ये नाही. त्या धोरणात निदान परवान्याची मुदत तीन वर्षे आणि स्थानिकांचा वाटा ऐंशी टक्के, हे लिहिलेले तरी आहे. ज्या किनाऱ्याचे नाव यादीत नाही तिथे एवढेही लिहिलेले नाही. तिथे जो आधी फलक लावेल त्याचे राज्य.

माझे म्हणणे एका ओळीत सांगता येईल. बाजार पाडण्याआधी, तो कोणी वाटायचा आणि कोणाला वाटायचा, हे लिहून भिंतीवर लावा. त्याखाली सही करा. मगच कुदळ मारा.

हे इतके साधे आहे तर होत का नाही? कारण यादी नसण्यात अनेकांचा फायदा आहे.

बाजाराची पुनर्बांधणी कशी होते ते महाराष्ट्रातल्या कुठल्याही शहरात विचारा, गोष्ट सारखीच निघेल. आधी इमारत धोकादायक असल्याची नोटीस. ती बहुधा खरीच असते, कारण तीस-चाळीस वर्षे कोणी डागडुजी केलेली नसते. मग तात्पुरती पत्र्याची शेड, मूळ बाजारापासून दूर, जिथे गिऱ्हाईक फिरकत नाही. ‘दोन वर्षांत परत’ असे तोंडी आश्वासन. दोनाची पाच होतात. त्या काळात काही म्हाताऱ्या बायका धंदा सोडतात, काही मरतात, कोणाच्या सुनेला शेडमध्ये बसायला जमत नाही. नवी इमारत उभी राहते तेव्हा म्हणतात, अनामत भरा. अनामत अशी की जिच्या पाटीवर रोजची हजार-दोन हजारांची मासळी असते, तिने ती दोन जन्मांत भरू नये. मग म्हणतात, जुने लोक पैसे भरायला तयार नाहीत, सबब लिलाव. लिलावात येतो मोबाइलच्या कव्हरवाला आणि पागडी देणारा. मंडईचे नाव मंडई राहते आणि भाजीवाली पुन्हा पायरीवर.

यात एक कायदेशीर फट आहे, ती फारशी कोणी सांगत नाही. २०१४ चा कायदा रस्त्यावर वा तात्पुरत्या छपराखाली विकणाऱ्याचा आहे. त्याच बाईला तुम्ही ‘पुनर्वसन’ म्हणून काँक्रीटच्या गाळ्यात नेले की ती फेरीवाली राहत नाही, ती पालिकेची परवानाधारक किंवा भाडेकरू होते. तिचे सर्वेक्षण, तिची समिती, तिची तीस दिवसांची नोटीस, सगळे बाहेर राहते आणि हातात येतो एक छापील करार. त्या करारात काय लिहिले आहे, त्यावर तिचे पुढचे आयुष्य. डोक्यावर छप्पर आले आणि पायाखालचा कायदा गेला, अशी ही सोय आहे. म्हणून गाळा मिळणार या आनंदात कागदावर अंगठा उठवण्याआधी तो कागद चार जणांना वाचून दाखवा, असे मी प्रत्येकीला सांगतो.

आता वाटायचे कोणी?

कायद्याचे उत्तर तसे कठीण नाही. नगर परिषदेची स्थावर मालमत्ता राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय दुसऱ्याला देता येत नाही, हे १९६५ च्या महाराष्ट्र नगरपरिषद अधिनियमाच्या ९२ व्या कलमात आहे. तीन वर्षांपर्यंतचा भाडेपट्टा परिषद देऊ शकते, पण त्यालाही सभेत मंजूर झालेला ठराव लागतो. चुकीचा ठराव झाला तर तो स्थगित करण्याचा अधिकार ३०८ व्या कलमाने जिल्हाधिकाऱ्याला दिला आहे. ग्रामपंचायतीचा कायदा १९५८ चा. तिलाही आपली जमीन वा इमारत विकायची किंवा दुसऱ्याच्या नावे करायची तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याची पूर्वमंजुरी लागते. म्हणजे अधिकार संस्थेचा, तोही लेखी आणि वरच्या देखरेखीखाली. यात आमदार नाही, खासदार नाही, पालकमंत्री नाही, ठेकेदार नाही, बाजार संघटनेचा अध्यक्ष नाही. निधी आणला म्हणून गाळे वाटण्याचा हक्क महाराष्ट्रातल्या कोणत्याही कायद्याने कोणालाही दिलेला नाही. निधी सरकारी तिजोरीचा असतो आणि तिजोरी लोकांची.

पण बांधणाराच वाटायला बसतो, आणि हे नवे नाही. लखनौचे प्रकरण प्रत्येक सरपंचाने आणि प्रत्येक मुख्याधिकाऱ्याने वाचावे असे आहे. अमीनाबादेत झंडेवाला पार्क नावाची बाग आहे. १९९३ साली तिथल्या महापालिकेने एका बिल्डरशी करार केला. बागेच्या पोटात भुयारी बाजार बांधायचा, आणि तिथली दुकाने बिल्डरने आपल्या मर्जीच्या माणसांना, आपल्या अटींवर, महापालिकेच्या वतीने द्यायची. निविदा नाही, स्पर्धा नाही. जमीन लोकांची, निवड बिल्डरची. उच्च न्यायालयाने करार रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि जुलै १९९९ मध्ये न्यायालयाने नुसता करार बेकायदा ठरवून हात झटकले नाहीत. बांधलेले तोडा आणि बाग पूर्ववत करा, असा आदेश दिला. कोट्यवधींचा खर्च झाला आहे, आता राहू द्या, ही विनवणी ऐकली नाही. बाग ही महापालिकेकडे लोकांनी विश्वासाने सोपवलेली ठेव आहे, ती पालिकेला अशी देऊन टाकता येत नाही, हे त्या निकालाचे सूत्र.

मला त्या निकालातली सर्वांत महत्त्वाची बाब वाटते ती ही, की वाटपाचा अधिकार पालिकेलाही फुंकून टाकता येत नाही. तिने तो स्वतः, नियमाने, सर्वांसमोर वापरायचा असतो. ‘आम्ही संघटनेला सांगितलंय, ते बघून घेतील’ किंवा ‘ठेकेदार सोडत काढेल’ असे एखादा अधिकारी म्हणतो तेव्हा तो आपले काम टाळत असतो, आणि कायदाही मोडत असतो.

दुसरा निकाल आपल्या मुंबईतलाच, आणि तोही खाण्याच्या गाळ्यांवरचा. मुंबई विमानतळावर एक दुय्यम दर्जाचे उपाहारगृह आणि दोन फराळाचे स्टॉल चालवायला द्यायचे होते. निविदेत अट होती, किमान पाच वर्षांचा अनुभव असलेला नोंदणीकृत हॉटेलवाला हवा. काम मिळाले ते ही अट पुरी न करणाऱ्याला. रमणा दयाराम शेट्टी खटला म्हणून तो प्रसिद्ध आहे, निकाल १९७९ चा, न्यायमूर्ती भगवतींचा. सरकारी संस्थेने स्वतः घातलेली अट तिने स्वतः पाळलीच पाहिजे, कोणाला द्यायचे ते तिच्या लहरीवर नाही, हे तत्त्व तिथे पक्के झाले. देशभरच्या ठेक्यांचे, परवान्यांचे, जमीनवाटपाचे कितीतरी निकाल त्याच्यावर उभे आहेत. मुळात प्रश्न होता चहा-फराळाच्या स्टॉलचा! लहान गाळ्याचा प्रश्न लहान असतो असे ज्यांना वाटते, त्यांनी हे लक्षात ठेवावे.

त्या खटल्याचा शेवटही सांगायला हवा, कारण तो गाळेधारकांच्या कामाचा आहे. तत्त्व जिंकले, पण अर्जदाराला दाद मिळाली नाही. तो उशिरा आला होता. तोवर ज्याला काम मिळाले त्याने खर्च करून धंदा सुरू केला होता. नव्या गाळ्यात नवा माणूस शटर लावून, फ्रीज ठेवून बसला की न्यायालयाचाही हात अडखळतो. तेव्हा भांडायचे तर वाटपाच्या आधी, ठराव झाल्या झाल्या.

रत्नागिरीकरांना आता ते थोडे सोपे झाले आहे. उच्च न्यायालयाचे कोल्हापूर सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ रोजी सुरू झाले आणि आपला जिल्हा त्याच्याकडे आहे. पूर्वी याचिका करायची तर मुंबई गाठावी लागे. राहण्याचा, वकिलाचा, बुडालेल्या दिवसांचा खर्च ऐकूनच बाई घरी परत यायची. आता आंबा घाट चढून सकाळी निघालेला माणूस संध्याकाळी परत येऊ शकतो.

मुंबईचे नाव निघालेच आहे, तर तिथल्या मासळी बाजाराचे काय झाले तेही पाहा. महात्मा फुले मंडई, म्हणजे जुने क्रॉफर्ड मार्केट, १८६९ सालचे. तिच्या जवळच छत्रपती शिवाजी महाराज मंडई होती, मुंबईतल्या घाऊक मासळीचे मोठे ठिकाण. इमारत धोकादायक ठरली. मासळीवाल्यांना ऐरोलीला पाठवायचा प्रस्ताव आला. पहाटे ससून डॉकवरून माल आणणाऱ्या आणि दुपारपर्यंत शहरभर नेऊन विकणाऱ्या कोळणीला ऐरोली म्हणजे धंदा बंद. मच्छीमार संघटनांनी आंदोलन केले, तेव्हा फुले मंडईच्या आवारात तात्पुरती जागा मिळाली. मंडई पाडली गेली. आणि २०२४ च्या अखेरीस महापालिकेने तोच भूखंड दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने लिलावात काढला, महसुलासाठी. कोळणी पुन्हा रस्त्यावर उतरल्या. त्यांचे म्हणणे चूक होते असे मला कोणी दाखवून द्यावे. पाडताना ‘पुन्हा बांधू’ म्हणायचे, आणि जमीन मोकळी झाली की तिची किंमत काढायची, याला मी विश्वासघात म्हणतो. पालिकेला पैसे हवेत, मान्य. पण मंडईची जमीन विकून येणारे पैसे मासळीवालीच्या खिशातून आलेले असतात.

रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराकडेही याच नजरेने पाहावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये बंदरातली बांधकामे मत्स्यव्यवसाय विभागाने हटवली. बंदराच्या विकासासाठी जागा मोकळी हवी, हे खरे. मासेमारीच्या जिवावर हे शहर जगते, बंदर चांगले झालेच पाहिजे. पण सुधारलेल्या बंदरात लिलावाच्या ओट्यावर कोण, जाळ्यांच्या शेडमध्ये कोण, बर्फ आणि चहाच्या गाळ्यात कोण, ही नावे जागा मोकळी करण्याच्या आधीच्या तारखेच्या कागदावर हवीत. नंतरच्या तारखेच्या कागदावर माझा विश्वास नाही.

खाली पणजीत उतरू. तिथला महापालिकेचा जुना बाजार पाडून नवा बांधण्याचे काम गोवा राज्य पायाभूत सुविधा विकास महामंडळाने केले. बांधणारे महामंडळ, चालवणारी महापालिका, आत बसलेले जुने-नवे विक्रेते. पण भाडेकराराचा कागद? दहा वर्षांहून अधिक काळ अनेक गाळ्यांचे करारच झाले नव्हते. दुकान चालू, मालकी कोणाची ते अधांतरी, भाडे किती ते अधांतरी. विजेची बिले साठत गेली आणि थकबाकीपोटी एकदा बाजाराची वीज तोडण्यापर्यंत मजल गेली. रोज सकाळी सोपो, म्हणजे बाजारकर, भरून जमिनीवर बसणाऱ्या बायका मात्र पावतीनिशी नियमात. पक्क्या गाळ्यांचा व्यवहार कच्चा आणि उघड्यावरचा व्यवहार पक्का. करार आधी, ताबा नंतर, एवढी एक गोष्ट केली असती तर हे सारे टळले असते.

करार नसलेला गाळा नुसता महसूल बुडवत नाही. तो धोकादायकही होतो, कारण आत काय चालले आहे ते विचारणारा कोणी उरत नाही. माझगावात डॉकयार्ड रोडजवळची महापालिकेची इमारत २७ सप्टेंबर २०१३ च्या पहाटे कोसळली आणि ६१ माणसे गेली. बाबू गेनू मंडईची ती इमारत, वर महापालिकेच्या बाजार खात्यातल्या कर्मचाऱ्यांची घरे. तळमजल्यावर भाड्याने दिलेल्या जागेत केलेल्या फेरफारांकडे तेव्हा बोट दाखवले गेले. दिलेल्या जागेचे पुढे काय होते, हे पाहणे हा वाटपाचाच भाग आहे. किल्ली दिली की जबाबदारी संपत नाही.

याच ठिकाणी पोटभाडेकरूंचा प्रश्न येतो, आणि इथे मी गाळेधारकांच्या बाजूने बोलणार नाही. गाळा एकाच्या नावावर, धंदा दुसऱ्याचा, भाडे तिसऱ्याच्या खिशात. पालिकेला महिन्याला काही शे रुपये आणि मूळ परवानाधारकाला घरबसल्या काही हजार. एकेका घरात चार-चार गाळे, त्यातले तीन वारसांच्या, जावयाच्या, मेहुण्याच्या नावे. हे लोकही यादी लावायला विरोध करतात, कारण यादी लागली की कोण कुठे बसतो ते सगळ्यांना दिसेल. जुने आहोत म्हणून हक्क, हे मला मान्य आहे. जुने आहोत म्हणून जमीनदार, हे अजिबात मान्य नाही. २०१४ च्या कायद्यात विक्रेत्याकडून हमी घेतात की धंदा मी किंवा माझ्या घरचे करतील आणि जागा भाड्याने देणार नाही. विक्रेता वारला, अपंग झाला तर आधी जोडीदार, मग अवलंबून असलेले मूल त्याच्या जागी बसू शकते. हीच अट पक्क्या गाळ्याच्या करारात घाला. हात ज्याचे, गाळा त्याचा.

शहरांतही हा कायदा कागदावरून खाली यायला किती वेळ लागतो, तेही पाहू. मुंबईत २०१४ साली फेरीवाल्यांचे सर्वेक्षण झाले. अर्ज भरणारे सुमारे ९९ हजार. दहा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०२४ रोजी, समितीवरच्या प्रतिनिधींसाठी मतदान झाले तेव्हा मतदार यादीत सुमारे ३२ हजार. बाकीच्यांचे काय, हा वाद न्यायालयात गेला, आणि मतपेट्या बंद राहिल्या. ज्या समितीने जागा ठरवायच्या ती इतकी वर्षे धड उभीच राहिली नाही, पण उठवणारी गाडी मात्र रोज सकाळी वेळेवर निघत राहिली.

आणखी एक गोष्ट बोलायलाच हवी. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदा सुमारे चार वर्षे लोकप्रतिनिधींवाचून चालल्या. आरक्षणाचा वाद न्यायालयात, निवडणुका लांबलेल्या, कारभार प्रशासकाच्या हाती. रत्नागिरीही त्यात आली. नगर परिषदांचे मतदान अखेर डिसेंबर २०२५ मध्ये झाले. मुंबई महापालिकेत मार्च २०२२ पासून जानेवारी २०२६ पर्यंत नगरसेवकच नव्हते. या काळात प्रशासकाने काढलेला आदेश हाच सभेचा ठराव. कायद्याने त्याला तो अधिकार आहे. पण गाळ्यांच्या बाबतीत सभेचा ठराव का मागितला आहे? चार जणांनी प्रश्न विचारावेत, पत्रकारांनी ऐकावे, विरोधकाने आरडाओरड करावी, म्हणून. एका खोलीत एका माणसाने सही केली की हे सगळे गळून पडते. या चार वर्षांत राज्यात जिथे जिथे मंडईचे, बाजार संकुलाचे, ओट्यांचे वाटप झाले, तिथल्या नव्या सभेने पहिल्या काही महिन्यांतच ते कागद टेबलावर मागवून घ्यावेत. रत्नागिरीच्या नव्या नगरसेवकांनी हे केले तर त्यांच्या निवडून येण्याचा उपयोग झाला असे मी म्हणेन.

लिलावाबद्दल एक शेवटचे. लिलाव पारदर्शक असतो, असा अधिकाऱ्यांचा आवडता युक्तिवाद. असतोही. पण जो तीस वर्षे तिथे बसला, ज्याची पुनर्वसनाची हमी घेऊनच जागा रिकामी झाली, त्याच्या डोक्यावर बोली लावणे हा पारदर्शक अन्याय आहे. आधी जुने, त्यांच्याकडून बांधकामाच्या खर्चाला धरून ठरवलेले वाजवी भाडे घ्या, आणि जुन्या पावत्यांवरचे फुटकळ भाडे तसेच चालू ठेवू नका, तो इतर करदात्यांवर अन्याय होतो. मग उरलेल्या गाळ्यांसाठी गावातल्या गरजूंची उघड सोडत. बचत गटांच्या बायकांसाठी त्यात वाटा. त्यानंतरही काही उरले तर खुशाल लिलाव करा.

आता भाट्यापुरते बोलतो, कारण राज्याचा कायदा बदलायला वेळ लागेल आणि इथे वेळ नाही. ग्रामपंचायतीला फेरीवाला समिती नेमण्याची सक्ती नसली, तरी तशी समिती नेमायला बंदीही नाही. ग्रामसभेत ठराव करा. आज किनाऱ्यावर आणि रस्त्याकडेला जे जे विकतात त्यांची मोजणी करा, फोटोसह, किती वर्षांपासून ते लिहून. पावसाळ्यात मोजू नका. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत दोनदा मोजा, म्हणजे हंगामी आणि कायमचे वेगळे दिसतील. मासळीच्या पाटीवर जी बसते तिचे नाव लिहा, तिच्या नवऱ्याचे नको. प्रत्येकाला क्रमांक द्या. यादी आठवडाभर चावडीवर लावा, हरकती घ्या, मग ग्रामसभेत मोठ्याने वाचा. कोणत्याही खात्याने इथे बांधकामाचा प्रस्ताव आणला की ही यादी त्याला जोडा, आणि त्यात लिहा की या क्रमांकांना तात्पुरती जागा इथेच, शंभर पावलांच्या आत, काम संपताच परत, आणि वाटप ग्रामसभेसमोर. खात्याला हे मान्य नसेल तर ना हरकत दाखला देऊ नका. ग्रामपंचायतीच्या हातातले तेच एक हत्यार आहे.

विक्रेत्यांनीही गाफील राहू नये. बाजारकराची पावती, आठवडी बाजाराची चिठ्ठी, वीजबिल, २०२० नंतर स्वनिधी योजनेतून दहा हजारांचे कर्ज घेतले असेल तर त्याचा कागद, असे जे जे हाताशी आहे ते एका पिशवीत ठेवा. भाट्यातून शहरात जाऊन विकणाऱ्या बायकांनी तर नगर परिषदेची प्रत्येक पावती जपावी. उद्या शहरातल्या सर्वेक्षणात ‘तुम्ही गावच्या’ म्हणून कोणी हटकले, तर रोज कुठे बसता याचा पुरावा तोच.

यादी लागली की तिचा फोटो काढा आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्याची सही-शिक्का असलेली प्रत मागा. देत नाही म्हणाले, तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्याला दहा रुपये लागतात आणि तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते.